विहीणबाई, तार खरंच तुटली होती का?

विहीणबाई, तुमच्यावर माझा संशय आहे. तुम्ही गेलात म्हणून तो मिटला असं समजू नका.

गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं असतं, म्हणून दहा दिवस मी गोड बोलले. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं, अशी येहीन शोधून सापडायची नाही. त्यातलं निम्मं खरं होतं. आता बायका आपापल्या घरी गेल्या, मांडलेल्या सतरंज्या परत गेल्या, आणि मी तुमच्या खाटेवर तुमचं ते चार तारांचं लाकूड मांडीवर घेऊन बसले आहे. आता आपण दोघीच. आता खरं बोलू.

लता, म्हणजे माझी लेक आणि तुमची सून, परवा मला म्हणाली, "आई, गल्लीतल्या बायका विचारताहेत. यंदा आपल्या घरी कानबाई बसणार नाही, पण पाटलांकडे बसतेय. मिरवणुकीत वाजवशील का? एकटीने?"

मी म्हटलं, "एक गोष्ट कळल्याशिवाय मी या लाकडाला हात लावणार नाही."

"कोणती?"

"त्या दिवशी तुझ्या सासूच्या हातात तार खरंच तुटली होती का?"

लताने कपाळावर हात मारला. तिला वाटलं, म्हातारीला दुःखाने भ्रम झाला. मला काही भ्रम नाही झालेला. मला उत्तर हवं होतं, आणि ते देणारी बाई ते पदरात बांधून निघून गेली होती.

माझा स्वभाव संशयी, हे सुरतेच्या या उधन्यात सगळ्यांना माहीत आहे. लग्न करून पारोळ्याकडच्या खेड्यातून सुरतेला आले, तेव्हा आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे लूम चालायचे. खटक-खट, खटक-खट. मला वाटायचं कोणी दार वाजवतंय. उठून दार उघडायची, बाहेर कोणी नाही. परत येऊन बसायची, की परत खटक-खट. यजमान म्हणाले, "अगं, कापड विणताहेत." तेही मला खरं वाटेना. एवढा आरडाओरडा करून कोणी कापड विणतं होय? मी ठरवून टाकलं की शेजारीण मुद्दाम भिंत ठोकते, नवी नवरी घाबरते का ते बघायला. कितीतरी दिवस मी त्या बिचारीशी बोलले नाही. ती मला लोणचं आणून द्यायची, ते मी आधी यजमानांना खायला घालायची आणि ते धड आहेत असं दिसलं की मग स्वतः खायची. डोक्यावर पदर होता, पदराखाली सगळं रिकामं मडकं.

वय वाढलं तसं मडकं भरेल असं वाटलं होतं. पण लताच्या लग्नात मी पुन्हा फौजदार झाले. तुम्ही वरमाय. पंगत बसायच्या आधी तुम्ही वरणाच्या पातेल्यात पळी घातलीत, तळापासून ढवळलंत, वाकून आत पाहिलंत आणि एक अक्षर न बोलता निघून गेलात. काय शोधत होतात? मी आठवडाभर जेवले नाही नीट. माझ्या वरणात या बाईने काय पाहिलं? पुढे कितीतरी वर्षांनी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "येहीनबाई, दुसरी पळी बुडी गयती वरणमा. ती काढी राहिंती."

मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही. आजही पूर्ण ठेवलेला नाही. त्या पातेल्यात दोन पळ्या कशाला असतील?

तुमचा चेहराच तसा होता, विहीणबाई. मोठा, शांत, वर झाकण ठेवल्यासारखा. व्याही गेले तेव्हा तुम्ही चाळिशीच्या आसपास असाल. त्यानंतर तुम्हाला कोणी खदखदून हसताना पाहिलं नव्हतं. सुनेला कधी वेडंवाकडं बोलला नाहीत, हे मी मान्य करते. पण न बोलणाऱ्या सासूचा जास्त संशय येतो. बोलणारीचं निदान कळतं तरी.

मग ते लाकूड आलं. प्लेगच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. प्लेगात अर्धी सुरत पळाली होती, आपणही भुसावळच्या गाडीत एकमेकींच्या बोचक्यांवर बसून, तोंडाला पदर लावून पळालो होतो. परत येऊन जरा स्थिरस्थावर झालं, आणि एकदा तुम्ही चौकातल्या शनिवारी बाजारातून पिंकीसाठी खेळणं घेऊन आलात. आपल्या दोघींची मिळून एकच नात, तिला खेळणं म्हणून गिटारीचं पिल्लू! मुठीएवढी मान, पोट परातीपेक्षा लहान, आणि वर चार काळ्या नायलॉनच्या तारा.

"हे काय आणलं?" मी विचारलं.

"उकुलेले," तुम्ही म्हणालात. अगदी भाजीचं नाव सांगावं तसं.

नाव ऐकूनच मला संशय आला. तुम्ही सांगितलंत की एक म्हातारे पारशी बावाजी मुलाकडे मुंबईला राहायला चालले होते, म्हणून घरातलं सामान विकत बसले होते. तुम्ही गिटार म्हटलंत तर ते रागावले. "माजी, आ गिटार नथी, उकुलेले छे." आणि मग तुम्हाला स्टुलावर बसवून दोन हात, म्हणजे तारांवर बोटं ठेवायच्या दोन रीती, शिकवल्या. एक हात असा, एक हात तसा. एवढ्यात तुमची सगळी गाणी होतील, म्हणाले. मी मनात म्हटलं, भर बाजारात परक्या माणसासमोर स्टुलावर बसून वाजवणारी ही बाई, आणि माझ्या लेकीसमोर चेहऱ्याला झाकण लावून फिरते. हिच्यात काहीतरी आहे.

पिंकीने त्या उकुलेलेत बाहुलीला झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेली. तुम्ही विसरला नाहीत.

त्यानंतर मी दुपारी लेकीला भेटायला आले की तुम्ही ते घेऊन समोरच बसायला लागलात. टुंग टुंग, टुंग टुंग. आम्ही मायलेकी काही बोलायला तोंड उघडलं की टुंग. मला खात्रीच पटली की आम्हाला बोलता येऊ नये म्हणून हे चाललंय. मी मुद्दाम मोठ्याने बोलायची, तुम्ही मुद्दाम मोठ्याने वाजवायचात. लता दोघींच्या मध्ये बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची.

ते आपल्या सगळ्यांचंच काम होतं. पर्वत पाटियाहून शेठचा माणूस साड्यांचा गठ्ठा टाकून जायचा, सोबत गोंद आणि टिकल्यांच्या पुड्या. चिमट्याने एकेक टिकली उचलायची, छापलेल्या ठिपक्यावर बसवायची. हे काम करणाऱ्या बाईची मान कायम खाली. रस्त्याने चालतानाही आपण सगळ्या जमिनीत काही सांडलंय असं बघत चालायचो.

तुम्ही काय केलंत? बावाजींनी सांगितलेल्या बोटांच्या जागा विसरू नयेत म्हणून उकुलेलेच्या मानेवर टिकल्या चिकटवल्यात. पहिल्या हाताला एक लाल टिकली, सगळ्यात खालच्या तारेखाली. दुसऱ्या हाताला तीन हिरव्या. लाल दाबलं की एक सूर, हिरव्या दाबल्या की दुसरा. जगात कुठल्या वाजवणाऱ्याने असं केलं नसेल. साडी समजून वाद्य वाजवायचं, हे उधन्याच्या बाईलाच सुचणार. आणि ताल? ताल भिंतीपलीकडचा लूम देत होता. खटक-खट, लाल. खटक-खट, हिरव्या.

आता माझ्या संशयाचं खरं कारण ऐका. दर खेपेला थोडा वेळ वाजवून झालं की तुम्ही ते माझ्या मांडीवर ठेवायचात. "येहीनबाई, धरा जरा. मी चहा ठेवस."

कोणासाठी ठेवायचात हो चहा? लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत. पिंकी झाल्यावर सगळ्यांनी सांगितलं, आता सोड. मी नाही सोडली. वरणात पळी फिरवणाऱ्या बाईच्या घरचा चहा मी घेणार नव्हते. हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. तरी रोज, "चहा ठेवस." आणि आत जाऊन इतका वेळ लावायचात की तेवढ्यात पंगतीचा स्वयंपाक झाला असता.

मांडीवर एखादी वस्तू ठेवली की हात गप्प बसत नाहीत. मी एक तार छेडायची. मग दुसरी. मग, कोणी बघत नाही असं वाटलं की लाल. मग हिरव्या. माझी बोटं बारीक, चिमट्याची सवय असलेली. तीन टिकल्यांवर एकदम जाऊन बसायची. आतून तुमचा आवाज यायचा, "मधली हिरवी सुटी गयी." मी दचकून हात काढायची. तुम्ही कपात चहा घेऊन यायचात, माझ्यासमोर ठेवायचात, मी तो घ्यायची नाही, तुम्ही तो उचलून स्वतः प्यायचात. असं किती दिवस चाललं. मला शिकवत होतात का? विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मी विश्वास ठेवला नसता. म्हणून विचारलं नाही.

मग श्रावण आला.

आमची खान्देशाची कानबाई. नारळाला डोळे-नाक लावायचं, नथ घालायची, रविवारी घरात बसवायची. भाऊबंद गोळा करून रोटाचा प्रसाद खायचा, आणि सोमवारी सकाळी पाटावर घेऊन, डोक्यावर धरून, वाजतगाजत नदीवर न्यायची. सुरतेत आलो तरी ही रीत सुटली नाही, फक्त गावच्या नदीऐवजी तापीचा ओवारा, म्हणजे घाट, आला. त्या वर्षी तुमच्या घरी बसली होती. ढोल सांगितला होता, पण तुम्ही बायकांना बजावलंत, "कोपऱ्या कोपऱ्यावर ढोल थांबवायचा. तिथं बायकांनी गाणी म्हणायची, आणि मी हे वाजवणार."

सगळ्या गल्लीला उत्सुकता. द्वारकाबाई वाजवणार! मी सुद्धा ठेवणीतली साडी नेसून आले, कारण तुम्ही चुकलात तर मला पहिल्या रांगेतून बघायचं होतं. खोटं कशाला बोलू?

पहिल्या कोपऱ्यावर ढोल थांबला. बायका गोल करून उभ्या राहिल्या. मध्ये पाटावर कानबाई, नथ उन्हात चमकत होती. तुम्ही उकुलेले घेतलंत, पाठ फिरवून काहीतरी केलंत, आणि माझ्याकडे वळलात.

"येहीनबाई, तार तुटी गयी."

"म्हणजे?"

"वरली तार तुटी गयी. तीन तारांवर मना हात बसत नही. तुमनी बोटं बारीक शेतस. तुम्ही वाजाडा."

आणि चारचौघांत, माझ्या भाऊबंदांसमोर, तुमच्या भाऊबंदांसमोर, जावयासमोर, ते मोडकं वाद्य माझ्या हातात. तुम्ही बाजूला.

सांगा, माझ्या जागी कोणालाही काय वाटलं असतं? मुलीची आई. मुलाच्या आईने तिच्या हातात तुटक्या तारेचं वाद्य दिलंय आणि सगळा समाज बघतोय. वाजवलं नाही तर वरमायेचा अपमान. वाजवलं आणि फसलं तर आयुष्यभराचं हसं. मला वरणाचं पातेलं आठवलं. म्हटलं, आज पळी बाहेर आली.

मी मान खाली घातली. टिकल्या दिसत होत्या, तेवढाच आधार. तीन तारा होत्या. आणि इथे माझ्या संशयाला दुसरं तोंड फुटलं, कारण जी तार गेली होती ती रिकामी तार. लाल टिकली तिच्याखाली नाही, हिरवी नाही. नुसती वाजायची, दाबायची कधीच नाही. चार तारांतली तुटायला नेमकी हीच सापडली? पण तेव्हा विचार करायला वेळ कुठे होता? कोपऱ्यावरच्या लूमच्या शेडचं दार उघडं होतं. आतून खटक-खट, खटक-खट. माझा हात आपोआप त्या तालावर पडला. लाल. लाल. हिरव्या. लाल. बायकांनी गाणं उचललं.

आणि मग हसणं सुरू झालं. आधी एक बाई, मग दोन, मग सगळ्या. टाळ्या, शिट्ट्या, "व माय, व माय!" मला कळलं की माझ्यावरच हसताहेत. कान तापले. पण मान वर केली तर टिकली चुकणार, आणि टिकली चुकली तर आणखी हसणार. म्हणून मी जमिनीकडे बघत, दात-ओठ खात वाजवत राहिले. प्रत्येक कोपऱ्यावर तेच. माझी मान खाली, आणि समोर सगळ्यांचा आनंदीआनंद.

मोठ्या रस्त्यावर टेम्पो उभा होता, तिथून सगळे तापीवर गेले. मी उकुलेले लताच्या हातात कोंबलं आणि रिक्षा करून घरी. कानबाईला हातसुद्धा जोडले नाहीत नीट.

दोन दिवसांनी तुम्ही स्वतः माझ्या दारात आलात. असं तुम्ही कधी येत नव्हता. "येहीनबाई, त्या दिनची एक गोठ सांगनी शे."

मी म्हटलं, "त्या दिवसाचं नाव काढायचं नाही. या घरात नाही, त्या घरात नाही. कोणीही नाही."

"बरं," म्हणालात. आणि तुम्ही शब्द पाळलात. लतालाही मी तोंडावर गप्प केलं, गल्लीतल्या बायकांनाही. कोणी सुरुवात केली की मी उठून जायची. माझ्या संशयाला मी असं दूध पाजून वाढवलं.

तरीही मी वाजवायचं सोडलं नाही. तुम्ही हसं केलंत ना माझं, मग आता बघाच, म्हणून. कोणीतरी हळदीला बोलावलं, मी गेले. तुम्ही आपणहून टाळ घेऊन शेजारी येऊन बसलात. तुटलेल्या तारेच्या जागी आता मासे धरायच्या तंगुसाची पांढरी तार आली होती. जुनीचं काय केलं विचारलं, तर "फेकी दिधी" म्हणालात. मग बारसं, मग डोहाळेजेवण, मग दुसरी हळद. एकदा तर पर्वत पाटियाला, शेठच्या माणसाच्या घरी. लोक आपल्याला "दोन येहिनी" म्हणायला लागले. दोन विहिणी एका सतरंजीवर बसून भांडत नाहीत, हेच बघायला निम्मे लोक यायचे.

भांडत नव्हतो असंही नाही. दोन गाण्यांच्या मध्ये तुम्ही त्या झाकणबंद चेहऱ्याने म्हणायचात, "मन्ही येहीन फार गुणी. सहा वर्षं जायात, मन्हा घरना चहा पेत नही. साखर वाचस मन्ही." सगळा मांडव हसायचा. मी म्हणायची, "चहात पळी फिरवून बघायची सवय असते काही लोकांना, म्हणून घेत नाही." आणखी हसायचे. मग मी लाल टिकलीवर बोट ठेवायची आणि तुम्ही टाळ उचलायचात. मान खाली, तरी मला कळायचं तुम्ही कधी उचलणार. तुमचा श्वास आधी यायचा.

एवढी सोबत केलीत, विहीणबाई. मी ती सोबत घेतली, आणि रोज घरी जाऊन विचार केला की ही बाई माझ्याजवळ का बसते. माझ्यावर लक्ष ठेवायला, की केलेलं फेडायला? माझ्यासारख्या बाईला देवाने सावली दिली तर ती मागे वळून विचारेल, तू माझ्या मागे का येतेस?

शेवटी तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी रोज यायची. एका दुपारी तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "आते सांगू का? त्या दिनचं?"

मी म्हटलं, "आधी बऱ्या व्हा. मग भांडू."

तुम्ही हसलात. पहिल्यांदा बघितलं मी ते. हसताना तुमचा एक दात आडवा होता, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आणि मी मूर्ख बाईने तुमचं तोंड दुसऱ्यांदा बंद केलं.

आता काल काय झालं ते ऐका. तुम्हाला माहीत नसलेली ही एकच गोष्ट असेल.

लता तुमची पत्र्याची पेटी उघडायला निघाली, तुमची एखादी साडी मला द्यायची म्हणून. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "धर जरा, मी पेटी ओढते." किल्ली तुमच्या कमरेच्या बटव्यात असायची, ती मी हातात कधी घेतलीच नव्हती. दोरीच्या फासात अडकवलेली. काळी, गुळगुळीत दोरी.

मी धागे बघण्यात जन्म घालवला आहे. तुटलेला धागा कसा दिसतो आणि न तुटलेला कसा, हे मला चष्मा न लावताही कळतं. ती उकुलेलेची काळी तार होती. फास सोडून मी ती सरळ केली. एका टोकाला गाठ होती, खाली लाकडात अडकवायची. दुसरं टोक अजून गोल वळलेलं, वरच्या खुंटीला गुंडाळलेलं असतं तसं. गाठीपासून वळणापर्यंत सबंध. कुठे चिरा नाही, जोड नाही.

तार तुटलीच नव्हती. तुम्ही पाठ फिरवून खुंटी सैल केलीत आणि ती अख्खी काढून घेतलीत.

मी ओरडलेच. "बघ! बघ तुझ्या सासूचं! मला फसवण्यासाठी केलं! सगळ्यांसमोर मला हसायला लावलं!"

लता पेटी तशीच सोडून माझ्याकडे बघत राहिली. "तुला कोण हसलं?"

"सगळी गल्ली हसत होती. मी बहिरी नव्हते."

"आई," ती म्हणाली, "तू समोरच होतीस ना? तू बघितलं नाहीस?"

"काय बघितलं नाही?"

"त्या नाचत होत्या."

मला काही कळेना. लता खाली बसली. म्हणाली, वाद्य तुझ्या हातात दिलं, आणि सासूबाईंनी पदर खोचला. दोन्ही हात वर केले. कानबाईसमोर गोल गोल, टाचा आपटत, तोंड उघडं टाकून हसत. मामंजी गेल्यापासून कधी नाचल्या नव्हत्या. आधी बायकांना खरंच वाटेना, मग सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. द्वारकाबाई नाची राहिनी! प्रत्येक कोपऱ्यावर नाचल्या. टेम्पोत बसल्यावर इतकी धाप लागली होती की मी पदराने वारा घालत होते, आणि त्या तुलाच शोधत होत्या.

"आदल्या दिवशी मी विचारलं होतं त्यांना," लता म्हणाली. "म्हटलं, सासूबाई, उद्या नाचायचं का? तर म्हणाल्या, हातात वाद्य आहे ना, नाही तर नाचले असते. मला वाटलं, चेष्टाच करताहेत."

विहीणबाई, तुम्हाला नाचायचं होतं!

एवढंच होतं. मी इतकी वर्षं फौजदारी केली, आणि गुन्हा काय, तर म्हातारीला नाचायचं होतं. हातातलं वाद्य खाली ठेवून सरळ नाचायला गेला असता, तर लोक म्हणाले असते, बाई खुळावली. तार तुटली म्हटल्यावर हात मोकळे, आणि कोणाला बोलायला जागा नाही. काढलीत तीही रिकामी तार, म्हणजे माझ्या बोटांना एक काम कमी. सगळा बेत करून आला होतात. आणि रोजचा तो चहा! कित्येक दुपारी तुम्ही आत उभ्या राहून माझी मधली हिरवी टिकली ऐकत होतात, नाचण्याजोगी होते का ते बघायला.

व्याह्यांनंतर तुमचे पाय पहिल्यांदा उचलले ते माझ्या वाजवण्यावर. हे सांगायला तुम्ही माझ्या दारात आला होतात. हे दवाखान्यात सांगायचं होतं. आणि सगळ्या उधन्याने पाहिलं ते, एक मी सोडून. मी दोन पावलांवर होते. मान वर केली असती तर दिसलं असतं. मी टिकल्या बघत होते.

रडू आलं, ते तुमच्या दहा दिवसांत आलं नव्हतं तेवढं आलं. लताने चहा करून आणला. समोर ठेवला आणि सवयीने उचलायला लागली. मी तिच्या हातातून कप घेतला आणि प्यायले. साखर जास्त होती. तुमच्या हातचा कसा असायचा, ते आता मला कोण सांगणार? मी तो कधी घेतला नाही, ती नुसती चूक नाही, विहीणबाई, तो तोटा आहे, आणि तो माझा मी सोसते.

आज सकाळी मी तंगुसाची तार काढली आणि ती काळी तार परत चढवली. किल्लीला साधा नाडा बांधलाय. तार सारखी उतरते, पेटीच्या किल्लीसोबत राहून सुस्तावली आहे, पुन्हा पुन्हा पिळावी लागते. चढेल. मग साडीवर चुकलेली टिकली काढायचं पातं घेतलं आणि मानेवरच्या टिकल्या एकेक खरवडून काढल्या. तिन्ही हिरव्या, आणि शेवटी लाल. लता म्हणाली, "अगं, मग वाजवशील कशी?" म्हटलं, बोटांना पाठ आहे. डोळ्यांना दुसरं काम आहे.

पाटलांना निरोप धाडला आहे, मी येते म्हणून. कोपऱ्यावर ढोल थांबला की मी मान वर करून वाजवणार आहे. कानबाईसमोर कोण नाचतंय ते नीट बघणार आहे.

तुम्ही नसणार, हे सगळे सांगताहेत. पण माझा स्वभाव संशयी आहे, विहीणबाई. मी बघितल्याशिवाय खरं मानत नाही.